शेड्यूल्ड स्क्रिप्ट आणि नेटवर्क ड्राइव्ह

ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट आणि सर्व्हरवरचे शेअर्ड फोल्डर यांची गाठ बहुतेक कार्यालयांत बॅकअपच्या निमित्ताने पडते. दिवसभराच्या नोंदी रात्री कुणी नसताना दुसऱ्या मशीनवर उतरवल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा असते. स्क्रिप्ट लिहिली जाते, दुपारी हाताने चालवून पाहिली जाते आणि फाइली झेड ड्राइव्हवर जाऊन बसतात. मग तीच स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रात्री दोनची वेळ देऊन लावली जाते. सकाळी पाहावे तर झेडवर नवी फाइल एकही नाही. स्क्रिप्टमधले अक्षरही बदललेले नसते. सर्व्हर चालू असतो, वायर जागेवर असते, पासवर्ड तोच असतो. बदललेली असते ती स्क्रिप्टची ओळख. दुपारी ती समोर बसलेल्या माणसाच्या लॉगिनमध्ये चालली होती. रात्री ती त्याच्याच नावाने पण वेगळ्या लॉगिनमध्ये चालली, किंवा मुळात दुसऱ्याच कुणाच्या नावाने चालली. या विषयातल्या अडचणींची यादी लांबलचक आहे, पण त्यांतल्या बहुतेक एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतात: त्या घटकेला सर्व्हरपुढे कोण उभे होते?

आधी ड्राइव्हच्या अक्षराबद्दल. ए, बी, सी ही अक्षरे पर्सनल कॉम्प्युटरच्या अगदी सुरुवातीची. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममधली ही पद्धत १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने उचलली. ए आणि बी फ्लॉपीसाठी, पुढे सी हार्ड डिस्कसाठी. त्यानंतर थोड्याच काळात आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी प्रोटोकॉलची मूळ मांडणी केली. दुसऱ्या मशीनवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडता यावी, हा त्यामागचा हेतू. त्या काळच्या प्रोग्रॅमना फाइलचा पत्ता अक्षरानेच सुरू होतो एवढेच ठाऊक होते, म्हणून नेटवर्कवरच्या फोल्डरलाही एखादे मोकळे अक्षर जोडून देण्याची सोय झाली. आजही ‘नेट यूज’ ही आज्ञा तेच काम करते. फोल्डरचा खरा पत्ता मात्र निराळा असतो: दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचे नाव, पुन्हा एक रेघ आणि शेअरचे नाव, उदाहरणार्थ \\लेखासर्व्हर\बॅकअप. याला यूएनसी पत्ता म्हणतात. अक्षर आणि पत्ता यांच्यातले नाते लाडाच्या नावाचे आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावाचे आहे. घरात ‘बाळ्या’ म्हटले की सगळ्यांना कळते. बाहेर त्या नावाने चौकशी केली तर कुणालाच पत्ता लागत नाही.

अक्षर नेमके कुणाच्या मालकीचे, याचे उत्तर विंडोजच्या आवृत्त्यांबरोबर बदलले. विंडोज एनटी ४.० आणि विंडोज २००० मध्ये अक्षरे सबंध मशीनची होती. एकाने झेड जोडला की त्याच मशीनवर पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसलाही ते अक्षर दिसे. आत जाता येईल की नाही हा परवानगीचा प्रश्न वेगळा. २००१ साली विंडोज एक्सपी आले आणि तेव्हापासून प्रत्येक लॉगिन सत्राला ए ते झेड अक्षरांचा स्वतंत्र संच मिळू लागला. एका मशीनवर अनेकांची सत्रे एकाच वेळी उघडी राहणार असतील तर याला पर्यायही नव्हता, कारण एकाचा झेड हिशेबाच्या फोल्डरकडे आणि दुसऱ्याचा झेड छायाचित्रांकडे जाऊ शकतो. विंडोज प्रत्येक सत्राला आतून एक क्रमांक देते आणि नेटवर्क ड्राइव्हची नोंद त्या क्रमांकाखाली ठेवते. इथे एक बारकावा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो. हा संच माणसागणिक मिळत नाही, सत्रागणिक मिळतो. एकाच खात्याने एकाच मशीनवर दोन सत्रे सुरू केली, तर पहिल्यात जोडलेला झेड दुसऱ्यात नसतो.

‘पुढच्या लॉगिनच्या वेळी पुन्हा जोडा’ ही खूण केल्याने हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण तसे होत नाही. त्या खुणेमुळे जोडणीची नोंद रजिस्ट्रीत त्या खात्याच्या भागात लिहिली जाते. माणूस डेस्कटॉपवर लॉगिन करतो तेव्हा विंडोज ती नोंद वाचून ड्राइव्ह पुन्हा उभे करते. टास्क शेड्यूलरने पडद्यामागे सुरू केलेल्या सत्रात डेस्कटॉप नसतो, त्यामुळे ही नोंद वाचून जोडणी करणारेही कुणी नसते. नोंद रजिस्ट्रीत जशीच्या तशी असते, ड्राइव्ह मात्र नसतो.

व्हिस्टापासून या गुंत्यात आणखी एक पदर आला. यूएसी, म्हणजे अधिकार वाढवण्याआधी परवानगी विचारणारी सोय, चालू असताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटातला माणूस लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्यासाठी दोन सत्रे तयार करते, एक साध्या अधिकारांचे आणि एक पूर्ण अधिकारांचे. एक्सप्लोररमध्ये जोडलेला ड्राइव्ह साध्या सत्रात जाऊन बसतो. मग ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या काळ्या खिडकीत तोच माणूस, त्याच क्षणी, तोच झेड मागतो आणि तो सापडत नाही. टास्कच्या खिडकीत ‘सर्वोच्च अधिकारांनिशी चालवा’ ही चौकट भरली की नेमके हेच घडते. ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ ही रजिस्ट्रीतली नोंद १ केली की दोन्ही सत्रांतल्या जोडण्या एकमेकांना दिसू लागतात. माणूस समोर बसून काम करतो तिथे हा उपाय चालून जातो. रात्रीच्या टास्कसाठी तो कुचकामी आहे, कारण तेव्हा ज्याची जोडणी उसनी घ्यावी असे पहिले सत्रच नसते.

आता टास्क शेड्यूलरकडे. टास्क तयार करताना पहिल्याच पानावर जो निर्णय घ्यावा लागतो तो घाईत घेतला जातो, आणि पुढचे सगळे त्यावरच ठरते. ‘वापरकर्ता लॉग ऑन असेल तरच चालवा’ हा पर्याय निवडला तर स्क्रिप्ट त्या माणसाच्या चालू सत्रात चालते. त्याचे ड्राइव्ह तिला दिसतात, चाचणी यशस्वी होते आणि लावणाऱ्याचे समाधान होते. पण त्याने संध्याकाळी लॉग ऑफ केले किंवा अपडेटनंतर मशीन पुन्हा सुरू झाले की टास्क चालतच नाही. ‘वापरकर्ता लॉग ऑन असो वा नसो, चालवा’ हा पर्याय निवडला की विंडोज पासवर्ड मागते, तो जपून ठेवते आणि वेळ झाली की त्याच्या आधारे एक नवे सत्र सुरू करते. याला बॅच लॉगिन म्हणतात आणि त्यासाठी खात्याला ‘लॉग ऑन अ‍ॅज अ बॅच जॉब’ हा हक्क असावा लागतो. अशा सत्राजवळ खरा पासवर्ड असल्यामुळे ते सर्व्हरला आपली ओळख पटवू शकते. त्यात झेड नसतो. यूएनसी पत्ता मात्र उघडतो.

त्याखालची ‘पासवर्ड साठवू नका’ ही लहानशी चौकट सर्वांत फसवी. पासवर्ड कुठे साठवला जाऊ नये ही इच्छा रास्त आहे, म्हणून काळजी घेणारा माणूसच ती आवर्जून भरतो. अशा टास्कला विंडोज पासवर्डशिवाय एक सत्र मिळवून देते. मशीनवरच्या फाइलींसाठी ते पुरेसे असते, पण नेटवर्कवर सादर करण्याजोगे त्याच्याकडे काही नसते. त्या खात्याने आधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवलेले पासवर्डही अशा सत्राला उघडता येत नाहीत. टास्कला फक्त स्थानिक साधने वापरता येतील, असे चौकटीशेजारी लिहिलेलेही असते, वाचणारे थोडे. काही कार्यालयांत उलटी अडचण येते: पासवर्ड साठवायला सुरक्षा धोरणानेच मनाई केलेली असते. मग टास्क जतन करतानाच ‘असे लॉगिन सत्र अस्तित्वात नाही’ या अर्थाची १३१२ क्रमांकाची एरर येते. तिच्या शब्दांवरून धोरणाचा संशयही येत नाही.

या सगळ्या कटकटीला कंटाळून टास्क ‘सिस्टिम’ खात्याने चालवण्याकडे अनेकांचा कल असतो. त्या खात्याला पासवर्ड लागत नाही आणि मशीनवर त्याला अडवणारेही फारसे काही नसते. नेटवर्कवर मात्र त्याचे वजन अगदी वेगळे. मशीन डोमेनमध्ये असेल तर सिस्टिम खाते सर्व्हरपुढे मशीनच्या नावाने जाते; नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असलेले ते मशीनचे खाते. शेअरवर त्या खात्याला परवानगी दिली तर काम बिनबोभाट होते. पण मग त्या मशीनवर सिस्टिम किंवा नेटवर्क सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते फोल्डर खुले होते. परवानगी देताना एका मशीनऐवजी ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ हा सबंध गट निवडला, तर डोमेनमधल्या प्रत्येक मशीनला. डोमेन नसलेल्या छोट्या कार्यालयात सर्व्हरला ते मशीन-खाते ओळखताच येत नाही आणि सिस्टिम खात्याच्या टास्कला नकार मिळतो. तिथे साधा आणि चालणारा मार्ग म्हणजे दोन्ही मशीनवर एकाच नावाचे, एकाच पासवर्डचे मर्यादित अधिकारांचे खाते तयार करून टास्क त्या खात्याने चालवणे.

कुणाच्या तरी नावाने चालवायचेच आहे, तर ते नाव कुणाचे असावे? अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नको, आणि कार्यालयातल्या कुणा प्रत्यक्ष माणसाचेही नको. माणूस नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलतो, टास्क शेड्यूलरला ते कळत नाही, आणि त्या रात्रीपासून टास्क जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतो. असे टास्क चार-पाच असले तर चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपून त्या माणसाचे खातेच सकाळी बंद पडलेले आढळते. त्याने नोकरी सोडली की बॅकअपही थांबतो. म्हणून अशा कामासाठी वेगळे खाते हवे, आणि त्याला फक्त त्या एका फोल्डरवर, लागेल तेवढीच परवानगी हवी. परवानगी दोन ठिकाणी तपासली जाते: शेअरवर आणि त्याखालच्या एनटीएफएस फोल्डरवर. दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. डोमेन असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून आलेली ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट ही सोय सर्वांत चांगली. अशा खात्याचा पासवर्ड डोमेन कंट्रोलर स्वतः तयार करतो, साधारण ३० दिवसांनी स्वतःच बदलतो, आणि तो कोणाही माणसाला ठाऊक असण्याची गरज नसते. टास्क पॉवरशेलमधून नोंदवावा लागतो, एवढाच त्रास.

याउलट सर्वांत वाईट मार्ग आणि दुर्दैवाने सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे बॅच फाइलमध्येच ‘नेट यूज’च्या पुढे नाव आणि पासवर्ड लिहून ठेवणे. ती फाइल ज्याला वाचता येते त्याला सर्व्हर मिळतो. आणि बॅच फाइलींच्या प्रती बॅकअपमध्ये, ईमेलमध्ये, जुन्या पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे पडून असतात. पासवर्ड ‘झाकून’ ठेवण्याचे अर्धवट उपाय किती तकलादू असतात हे मायक्रोसॉफ्टच्याच एका सोयीने दाखवले आहे. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून ड्राइव्ह जोडताना किंवा टास्क लावताना दिलेला पासवर्ड कुलूपबंद करून डोमेनच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवला जाई, पण त्या कुलपाची किल्ली कंपनीच्या कागदपत्रांत जाहीर छापलेली होती. मे २०१४ मधल्या सुरक्षा अपडेटने असे पासवर्ड नव्याने भरण्याची सोय काढून टाकली. आधी भरलेले पासवर्ड मात्र कुणीतरी शोधून पुसेपर्यंत तसेच राहिले.

योग्य खाते मिळाले की स्क्रिप्टमध्ये अक्षराऐवजी यूएनसी पत्ता लिहावा, हा नियम जवळजवळ सर्वत्र लागू पडतो. पॉवरशेल, पायथन, रोबोकॉपी यांना तो पत्ता सरळ चालतो. अडते ते जुन्या कमांड प्रॉम्प्टचे. यूएनसी पत्त्याला तो चालू फोल्डर मानत नाही. तसा प्रसंग आला तर एक सूचना देऊन विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊन उभा राहतो आणि पुढच्या आज्ञा तिथेच चालवू लागतो. जुन्या फाइली पुसण्याची आज्ञा पूर्ण पत्ता न देता लिहिलेली असेल, तर ती कोणत्या फोल्डरमध्ये चालेल याचा विचार करून ठेवलेला बरा. ‘पुशडी’ ही आज्ञा इथे उपयोगी पडते. यूएनसी पत्ता दिला की ती झेडपासून मागे येत पहिले मोकळे अक्षर तात्पुरते जोडते आणि त्यात शिरते. ‘पॉपडी’ ते सोडून देते. हे अक्षर त्याच सत्रात तयार होत असल्यामुळे रात्रीही मिळते. टास्कच्या ‘स्टार्ट इन’ रकान्याचीही हीच गोष्ट. तो रिकामा असला की स्क्रिप्ट सिस्टिम३२ या फोल्डरमधून सुरू होते आणि शेजारची समजून शोधलेली फाइल सापडत नाही. त्या रकान्यात पत्त्याभोवती अवतरणचिन्हेही घालायची नसतात.

काही जुन्या सॉफ्टवेअरला अक्षरावाचून चालतच नाही. तिथे स्क्रिप्टनेच सुरुवातीला अक्षर जोडावे आणि काम संपल्यावर सोडावे. आधीचे न सोडता पुन्हा जोडायला गेले की ८५ क्रमांकाची एरर येते: अक्षर आधीच वापरात आहे. एकाच सत्रातून एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी मागितली तर १२१९ येते. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता दिला की विंडोजला तो दुसरा सर्व्हर वाटतो आणि एरर जाते, ही युक्ती तोंडोतोंडी पसरलेली आहे. ती चालते, पण आयपी पत्त्याने गेले की ओळख पटवण्याचे काम सहसा केर्बेरॉसऐवजी जुन्या एनटीएलएमवर येऊन पडते, आणि सर्व्हरवर एनटीएलएम बंद करण्याचा दिवस उजाडला की युक्तीही संपते.

पत्ता आणि खाते दोन्ही बरोबर असूनही बॅकअप कसा बुडतो, हे एका उदाहरणात जवळून पाहता येईल. समजा एखाद्या पतसंस्थेत रात्री दोन वाजता रोबोकॉपी हिशेबाचे फोल्डर सर्व्हरवर उतरवते. एके दिवशी कुणीतरी एक फाइल उघडी ठेवून घरी गेले आणि ती कुलूपबंद राहिली. रोबोकॉपी नशिबावर हवाला ठेवून पुढे जात नाही. ती पुन्हा प्रयत्न करते. वेगळे काही सांगितले नाही तर अशा एका फाइलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर एका फाइलपाशी सुमारे ३४७ दिवस. इकडे टास्क शेड्यूलरची मूळ मांडणी अशी की आधीचे काम चालू असेल तर नवे सुरू करायचे नाही, आणि तीन दिवसांहून जास्त चाललेले काम बंद करायचे. फाइल सुटली नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीचा बॅकअप सुरूच होत नाही, आणि टास्कच्या यादीत त्या सबंध काळात ‘चालू आहे’ एवढेच शब्द दिसतात. कुणालाही शंका येऊ नये असे ते दृश्य असते. पुनःप्रयत्न आणि थांबण्याचा वेळ, हे दोन्ही आकडे आज्ञेत स्वतः लिहून देणे इतके सोपे आहे की ते न लिहिण्याला काहीच सबब नाही.

रोबोकॉपीचा परिणाम-आकडाही नीट वाचावा लागतो. शून्य म्हणजे नवे काही उतरवायचे नव्हते. १ म्हणजे फाइली उतरल्या. २ म्हणजे पोहोचण्याच्या जागी काही जास्तीच्या फाइली आहेत. ३ म्हणजे १ आणि २ दोन्ही. आठच्या खालचा आकडा आला तर एकही फाइल उतरवायची चुकलेली नसते. आठ किंवा त्याहून मोठा आला तर चूक. टास्क शेड्यूलरला हे माहीत नसल्यामुळे ज्या रात्री सगळे उत्तम झाले त्या रात्रीही परिणामाच्या रकान्यात १ दिसतो आणि तो अपयशासारखा वाटतो. त्यावर वैतागून स्क्रिप्टच्या शेवटी काहीही झाले तरी शून्य परत देणारी ओळ घातली, की खरे अपयशही यश म्हणून नोंदले जाते. आकडा तपासून आठपासून पुढे असेल तरच चूक कळवणारी ओळ लिहायला तेवढाच वेळ लागतो.

लिनक्सवर अक्षरांचा प्रश्नच नाही. शेअर एखाद्या फोल्डरवर माउंट केला की तो सर्वसाधारणपणे सगळ्यांना दिसतो, ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टलाही. तरी विंडोजवरच्या चुकीची जुळी बहीण इथे भेटते. फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून उघडलेला शेअर त्या माणसाच्या सत्रापुरता असतो. क्रॉनसाठी तो ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये नोंदवावा लागतो, नेटवर्क उभे राहिल्यावरच जोडण्याच्या खुणेसह. नाव आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फक्त रूटला वाचता येईल अशी, म्हणजे ६०० परवानगीची, करावी. सध्या प्रचलित असलेल्या क्रॉनच्या वंशाचे मूळ पॉल व्हिक्सी यांच्या १९८७ सालच्या आवृत्तीत आहे. क्रॉन स्क्रिप्टला फारच तुटपुंजे वातावरण देते, म्हणून आज्ञांचे पत्ते पूर्ण लिहावेत.

खरा धोका माउंट न झालेल्या फोल्डरचा. शेअर जोडला गेला नाही तरी ज्या फोल्डरवर तो जोडायचा ते रिकामे फोल्डर जागेवर असतेच, आणि स्क्रिप्टला ते अगदी वैध वाटते. तिथे लिहायचे असेल तर बॅकअप सर्व्हरवर न जाता मशीनच्याच डिस्कवर साठत जातो आणि एक दिवस डिस्क भरते. तिथून वाचायचे असेल आणि आरसिंकला ‘मूळ ठिकाणी नाही ते इकडूनही पुसा’ असे सांगितलेले असेल, तर रिकामे फोल्डर हेच मूळ मानून ती आधीचा सगळा बॅकअप पुसून टाकते, आणि तेही कोणतीही चूक न नोंदवता. ‘माउंटपॉइंट’ या छोट्या आज्ञेने आधी खात्री करून घेणे आणि उत्तर नकारार्थी आले तर तिथेच थांबणे, या एका ओळीइतकी मोलाची ओळ अशा स्क्रिप्टमध्ये दुसरी नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएसची तऱ्हा थोडी वेगळी. त्याच्या साध्या रूपात सर्व्हर पासवर्ड विचारत नाही, समोरचे मशीन सांगेल त्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवतो. रूटवर मात्र ठेवत नाही. ‘रूट स्क्वॉश’ या नियमाने त्याला अनोळखी माणसाच्या पातळीवर आणतो. त्यामुळे सर्वाधिकारी म्हणून चालणाऱ्या क्रॉनच्या कामालाच लिहिण्याची परवानगी नाकारली जाते. सर्व्हर बंद पडला तर ‘हार्ड’ पद्धतीने जोडलेल्या शेअरवरची स्क्रिप्ट तो परत येईपर्यंत अडकून राहते. ‘सॉफ्ट’ पद्धतीत ती काही वेळाने चूक देऊन सुटते, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. लिहिण्याच्या कामाला हार्ड बरे.

अर्धवट फाइलीची काळजी कोणत्याही नेटवर्क ड्राइव्हवर घ्यावी लागते. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवावी, आकार जुळतो का पाहावे आणि मगच तिला खरे नाव द्यावे. वाचणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टला मग अपुरी फाइल दिसतच नाही.

वर्षानुवर्षे चाललेला टास्क एखाद्या अपडेटनंतर अचानक थांबला, तर नजर प्रोटोकॉलच्या आवृत्तीकडे वळवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा किडा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर पसरला. भगदाड बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते. त्या वर्षाअखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून ती पहिली आवृत्ती काढून टाकायला सुरुवात झाली, लिनक्सच्या कर्नलनेही त्याच वर्षी तिला डीफॉल्टच्या जागेवरून हटवले, आणि फक्त तीच बोलणारे जुने नॅस, म्हणजे नेटवर्कवर जोडलेले साठवणीचे डबे, एकाएकी अदृश्य झाले. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले: प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत एसएमबी जोडणीवर स्वाक्षरी सक्तीची झाली. पासवर्डाविना, पाहुणा म्हणून उघडणाऱ्या शेअरला अशी स्वाक्षरी करताच येत नाही. घरगुती नॅसवर पासवर्ड न ठेवता चाललेले कितीतरी बॅकअप यामुळे अडले. जुनी सवय परत चालू करण्याची कळ उपलब्ध आहे. तरी नॅसवर एक खाते तयार करणे हेच शहाणपणाचे.

दोष शोधताना स्क्रिप्टलाच बोलते करावे. पहिल्या काही ओळींत ‘हू अ‍ॅम आय’, ‘नेट यूज’ आणि ‘केलिस्ट’ या आज्ञांचे उत्तर एका लॉग फाइलमध्ये लिहून घ्यावे, आणि ती फाइल मशीनच्याच डिस्कवर असावी. जे फोल्डर उघडत नाही त्याच फोल्डरमध्ये लॉग ठेवण्याची चूक नेहमी होते. पहिल्या आज्ञेने खाते कळते, दुसरीने जोडलेले ड्राइव्ह, तिसरीने केर्बेरॉसची तिकिटे. ‘फोल्डर आहे का’ एवढेच विचारणाऱ्या आज्ञांवर विसंबू नये, कारण फोल्डर नसणे आणि परवानगी नसणे या दोन्हींना त्या बहुधा ‘नाही’ हे एकच उत्तर देतात. प्रत्यक्ष फाइल उघडून आलेला एररचा क्रमांक नोंदवावा. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. ६७ म्हणजे बहुधा शेअरचे नाव चुकले. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. ५ म्हणजे सर्व्हरने ओळखले, पण परवानगी नाकारली.

स्क्रिप्ट पॉवरशेलच्या रिमोटिंगने दुसऱ्या मशीनवर चालत असेल आणि तिथून तिसऱ्या मशीनवरचा शेअर मागत असेल, तर सगळे बरोबर असूनही ५ येऊ शकते. दुसऱ्या मशीनकडे ओळख पोहोचलेली असते, ती पुढे सादर करण्याचा अधिकार पोहोचलेला नसतो. तो केर्बेरॉसच्या डेलिगेशनने मुद्दाम द्यावा लागतो, किंवा काम तिसऱ्या मशीनवरच थेट लावावे लागते.

मशीनकडून उत्तर मिळाले नाही तर फाइल सर्व्हरच्या सुरक्षा नोंदी उघडाव्यात. यशस्वी लॉगिन ४६२४ क्रमांकाने आणि फसलेले ४६२५ क्रमांकाने नोंदले जाते; शेअर उघडायला आलेल्याचा लॉगिन प्रकार ३ असतो, तर स्क्रिप्टच्या मशीनवर त्याच वेळी प्रकार ४, म्हणजे बॅच, दिसायला हवा. दोनच्या सुमाराची नोंद काढली की कोणत्या नावाने दार वाजले ते तिथे लिहिलेले असते: ठरवलेले खाते, डॉलर लागलेले मशीनचे नाव, की अनामिक. तिथे काहीच नोंद नसेल तर विनंती सर्व्हरपर्यंत आलीच नाही, आणि शोध फायरवॉल, नावाचा पत्ता लावणारा डीएनएस किंवा टास्क सुरू झाला त्या क्षणी तयार नसलेले नेटवर्क यांच्याकडे न्यावा. नोंदीतली वेळ आणि मशीनची वेळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक आढळला तर आधी घड्याळ दुरुस्त करावे. तेवढ्या फरकाने केर्बेरॉस तिकीट नाकारू शकते.